आईची २००७ ची डीव्हीडी नव्या टीव्हीवर पुसट दिसू लागलीय. अपस्केलिंगवाला प्लेयर घेतला तर खरंच फरक पडतो का?

सेलूची लेक

नमस्कार मंडळी. मी सेलूची, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. प्रश्न टीव्हीचा आहे, पण त्यात माझी आई आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं लग्न मे २००७ मध्ये झालं. हळदीच्या दिवशी आईनं जात्यावर बसून ओव्या म्हणल्या होत्या आणि शूटिंगवाल्यानं त्या सगळ्या घेतल्या, सात-आठ मिनिटं तरी असतील. आई दोन वर्षांखाली गेली. फोटो भरपूर आहेत, पण फोटो काढायचा म्हणलं की ती तोंड मिटून ताठ उभी राहायची. हलती-बोलती, गाणारी आई फक्त त्या एका डीव्हीडीत आहे.

आमच्याकडं २१ इंची जुना डब्याचा टीव्ही होता. त्यावर ही डीव्हीडी छान दिसायची. दिवाळीला ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला. जुना प्लेयर त्याला जोडायचा म्हणलं तर मागं पिवळी-लाल-पांढरी भोकंच नाहीत. एक बारीक गोल भोक आहे, त्यासाठी खोक्यातच आखूड जोड-वायर आली होती. तिनं जोडलं. चित्र आलं, पण बघून मन खट्टू झालं. आईचा चेहरा ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखा पसरलेला. तिच्या अंगावर बारीक चौकटीचं इरकली लुगडं आहे, त्या चौकटींवर निळा-तांबडा रंग सारखा झगमगतो, पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखा. जातं फिरवताना हात पुढं गेला की बांगड्यांना कंगव्यासारखे दात फुटतात. आणि आई रुंद दिसते. माझी आई काडीसारखी बारीक होती हो.

परभणीच्या एका दुकानात विचारलं. ते म्हणले, साडेचार हजारांचा अपस्केलिंगवाला प्लेयर घ्या, साधी डीव्हीडी फुल एचडी होते. त्यांनी एका सिनेमाची डीव्हीडी लावून दाखवली, ती खरंच स्वच्छ दिसली. माझा मुलगा म्हणतो, यात काही अर्थ नाही, टीव्ही स्वतःच ते काम करतो. पैशाचं मी बघून घेईन. मला एवढंच सांगा, आईचा चेहरा आत्तापेक्षा नीट दिसेल का?

परभणीचा शूटिंगवाला

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी १९९८ पासून परभणी, जिंतूर, मानवत, पाथरी या भागात लग्नाच्या शूटिंगा करतो. जुनी मोठी व्हीएचएस कॅसेट, मग छोटी डिजिटल म्हणजे डीव्ही कॅसेट, आता मेमरी कार्ड, असं सगळं हातावरून गेलंय. तुम्ही जे चार दोष सांगितले ते इतके नेमके आहेत की मशीन न बघताही बोलता येतं.

आधी सरळ उत्तर देतो. प्लेयर बदलल्यानं आईच्या चेहऱ्यावरची एकही नवी सुरकुती दिसणार नाही. लुगड्याची झगमग मात्र जवळपास नक्की जाईल आणि बांगड्यांचे दात बहुतेक जातील. पण हे अपस्केलिंगमुळं होणार नाही, दुसऱ्याच कारणानं होणार आहे. ते कारण कळलं तर कदाचित तुमचे साडेचार हजारही वाचतील.

आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र असतं आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. गुणाकार केला तर ४,१४,७२०. तुमच्या टीव्हीच्या काचेवर आहेत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोब्बर पाचपट. म्हणजे चित्र पडदाभर केलं तर पाच ठिपक्यांतला एक तबकडीतून येतो आणि उरलेले चार शेजारच्या ठिपक्यांवरून हिशोब करून भरावे लागतात. ठिपक्यांच्या रांगोळीत दोन ठिपक्यांच्या मधे आणखी ठिपके देऊन रेघ गुळगुळीत करावी, तसं. रेघ गुळगुळीत होते, पण रांगोळीत नसलेलं कमळ त्यातून येत नाही. अपस्केलिंग म्हणजे एवढंच.

आणि हे काम कुणाला तरी करावंच लागतं, कारण काचेवरचे ठिपके कायमचे ठरलेले आहेत. टीव्हीनं ते केलं नसतं तर चित्र पडद्याच्या मधोमध पाटीएवढं दिसलं असतं. म्हणजे दिवाळीपासून तुम्ही अपस्केल केलेलंच बघताय. तुमचा मुलगा इथपर्यंत बरोबर आहे. तो चुकतो ते पुढं. चित्र टीव्हीपर्यंत कोणत्या अवस्थेत पोचतं, ह्यावर बरंच काही ठरतं.

आता लुगडं. तबकडीवर उजेड-अंधार वेगळा आणि रंग वेगळा लिहिलेला असतो. पिवळ्या वायरीतून पाठवायचं म्हणलं की प्लेयर दोन्ही एकत्र कालवतो आणि टीव्हीला ते परत वेगळं करावं लागतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या सिग्नलला पाल पद्धत म्हणतात, तिच्यात रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला असतो. बारीक रेघा, बारीक चौकटी यांची वीणही तेवढ्याच वेगाची झाली की टीव्ही फसतो. कापडाची वीण त्याला रंग वाटते आणि तो तिथं निळा-तांबडा भरतो. तुमच्या आईच्या लुगड्याच्या चौकटी नेमक्या त्या मापाच्या आहेत. आम्ही व्हीएचएसच्या काळात नवरीच्या मामांना हात जोडून सांगायचो, बारीक रेघांचा शर्ट घालू नका. ते असल्याच झगमगीच्या भीतीनं.

नव्या टीव्हीला एचडीएमआय नावाचं चपटं भोक असतं, त्याच्या वायरीतून चित्र आकड्यांतच जातं. कालवाकालव नाही, मग वेगळं करणंही नाही. झगमग तिथंच संपते. दोन-तीनशे रुपयांची साधी वायर पुरते, दोन हजारांच्या वायरीनं चित्र तसूभरही सुधारत नाही. एक गोष्ट मात्र खात्री करून घ्यावी लागेल. तुमचं शूटिंग डीव्ही कॅसेटवर झालं होतं का? २००७ ला आमच्या भागात बहुतेकांकडं डीव्ही आला होता. पण कुणी ते पिवळ्या वायरीनंच कॉम्प्युटरमधे उतरवलं असेल, तर ती झगमग तबकडीतच छापली गेलीय आणि ती कोणत्याच मशिनीनं निघायची नाही.

बांगड्यांच्या दातांचं कारण वेगळं आहे. त्या काळचा आमचा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घ्यायचा, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत. आधी एक सोडून एक अशा २८८ ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या २८८. आई जातं फिरवते, म्हणजे पहिल्या अर्ध्यात हात इथं, दुसऱ्या अर्ध्यात तो दोन बोटं पुढं. डब्याच्या टीव्हीची काच ह्याच क्रमानं ओळी काढायची, एकदा ह्या, एकदा त्या, म्हणून तिथं काही खटकायचं नाही. सपाट टीव्ही सगळ्या ओळी एकदम दाखवतो. दोन अर्धे तसेच एकमेकांत विणले की हलणाऱ्या वस्तूला दात फुटतात. ते नीट जोडायच्या कामाला डीइंटरलेसिंग म्हणतात, आणि प्लेयरची खरी परीक्षा इथं होते. चांगलं मशीन कुठं हालचाल आहे आणि कुठं नाही ते ओळखतं. भिंत, जातं, बसलेल्या बाया हे सगळं पूर्ण ओळींत ठेवतं आणि फक्त हाताजवळ अर्ध्या ओळींवरून चित्र बनवतं. स्वस्त मशीन एक तर दात तसेच ठेवतं, नाही तर सरसकट अर्ध्या ओळी फेकून देतं. मग दात जातात, पण सगळं चित्रच मऊ पडतं.

म्हणून दुकानात सिनेमा स्वच्छ दिसला. फिल्मवर सेकंदाला २४ पूर्ण चित्रं असतात. पालच्या डीव्हीडीत ती किंचित पळवून २५ करतात आणि दोन्ही अर्धे त्याच एका चित्रातून कापलेले असतात. ते परत विणले की बिनचूक बसतात, साधं मशीनही बहुतेक वेळा ते करू शकतं. लग्नाच्या डीव्हीडीत तसं नाही. त्यामुळं दुकानात जाल तर स्वतःची डीव्हीडी घेऊन जा आणि हळदीचाच भाग लावायला सांगा. दुकानदार चिडला तर दुसरं दुकान बघा.

आता चेहरा. ह्यात थोडी आमच्या धंद्याची चूक आहे, ती मी कबूल करतो. एका तबकडीत ४.७ जीबी मावतात. गिऱ्हाईक म्हणायचं, सगळं लग्न एकाच सीडीत द्या, आणि आम्ही द्यायचो. दोन तास बसवले तर दर सेकंदाच्या चित्राला सरासरी पाच मेगाबिट एवढी जागा मिळते. तीन तास कोंबले तर साडेतीनच्याही आत. डीव्हीडीला चित्रासाठी ९.८ पर्यंतची मुभा असते, आणि मूळ डीव्ही कॅसेटवर २५ असतात. जागा कमी पडली की मशीन सगळ्यात आधी बारीक तपशील मारतं. गालावरची, कपाळावरची छटा जाते आणि तिथं चौकोनी ठोकळे राहतात. २१ इंचांत ते झाकले जायचे, ४३ इंचांत उघडे पडले.

तेव्हा मला दोन गोष्टी कळवा. डीव्हीडी किती वेळाची आहे? आणि त्या शूटिंगच्या मूळ कॅसेट कुणाकडं आहेत का? कॅसेट सापडली तर कोणताही प्लेयर देऊ शकणार नाही एवढं चित्र त्यात आहे. माझ्याकडं त्या कॅसेट वाचणारं मशीन, म्हणजे डेक, अजून चालू आहे. मी उतरवून देईन, पैसे नकोत.

एक फुकटचा प्रयोग आजच करून बघा. घरी किंवा शाळेत डीव्हीडी वाचणारा कॉम्प्युटर असेल तर त्या तबकडीतल्या व्हॉब नावाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या मागं लावा. बरेच टीव्ही त्या वाचतात. टीव्हीनं फाइल ओळखली नाही तर तिच्या नावाच्या शेवटी असलेलं व्हॉब (.vob) खोडून तिथं एमपीजी (.mpg) लिहा. मग मधे प्लेयर नाही, पिवळी वायर नाही, तबकडीतले आकडे थेट टीव्हीत जातील.

नांदेडचा दुरुस्तीवाला

शूटिंगवाल्या दादांनी बरोबर सांगितलं. मी २२ वर्षं टीव्ही उघडतोय, माझ्या बाजूचं थोडं सांगतो.

ताई, आई रुंद दिसते त्याला प्लेयरचा किंवा वायरीचा दोष नाही. तुमचं शूटिंग चारास-तीन मापाचं आहे आणि टीव्ही सोळास-नऊ मापाचा. टीव्ही ते ओढून पडदाभर करतो, म्हणजे आई एक-तृतीयांशानं रुंद होते. रिमोटवर चित्राच्या आकाराचं बटन किंवा सेटिंग असतं, तिथं ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. घरातली माणसं म्हणतील, पडदा वाया गेला. म्हणू द्या. तुमची आई तिच्या अंगानं दिसेल.

मग पिक्चर मोड बघा. नवा टीव्ही बहुतेक वेळा झगझगीत मोडवर असतो, दुकानाच्या उजेडात उठून दिसावा म्हणून. तो काढून स्टँडर्ड किंवा सिनेमा करा. शार्पनेस खाली आणा. शार्पनेस वाढवला की टीव्ही तपशील वाढवत नाही, कडेला पांढरी रेघ ओढतो. आणि ठोकळे असलेल्या डीव्हीडीत तो ठोकळ्यांच्या कडा सुद्धा ठळक करतो. माझ्याकडं गिऱ्हाईकं सांगत येतात की पॅनल गेलं, चेहऱ्यावर फरशी दिसू लागली. शार्पनेस ७० वरून १० वर आणला की हसत परत जातात. त्याउलट नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, कमी करायची सेटिंग एक पायरी वर ठेवून बघा, ह्या एका प्रकारच्या तबकडीला ती उपयोगी पडते. पण फार वर नेली की चेहरा मेणाचा होतो.

एचडीएमआयवाला प्लेयर घेतलाच तर बहुतेक जण सांगतील, त्याच्या सेटिंगमधे चित्र १०८० ओळींवर लावा. माझं मत वेगळं आहे. ५७६ वर लावा आणि मोठं करायचं काम टीव्हीला करू द्या. स्वस्त प्लेयरमधल्या चिपपेक्षा आजच्या टीव्हीतली चिप बहुतेक वेळा सरस असते. दुसरं म्हणजे १०८० वर बरेच प्लेयर चारास-तीनचं चित्र स्वतःच ओढून रुंद करून पाठवतात, आणि एचडीचा सिग्नल आला की कित्येक टीव्ही ४:३ ची निवड देतच नाहीत. मग आई परत रुंद, आणि ते कुठंच दुरुस्त करता येत नाही. ५७६ वर ही अडचण येत नाही.

३२ इंची एचडी रेडी टीव्ही असलेल्यांनी तर हे नक्कीच ध्यानात ठेवा. त्या पॅनलचे ठिपके बहुतेक वेळा १३६६ गुणिले ७६८ असतात. प्लेयर ५७६ चं १०८० करणार, टीव्ही ते परत ७६८ वर आणणार. एकाच चित्राचा दोनदा हिशोब, आणि दर वेळी थोडा मऊपणा वाढणार.

आणि ताई, तुम्ही किती लांब बसता? हे कुणी विचारत नाही. नीट नजरेच्या माणसाला अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक दिसतं. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण साडेत्रेपन्न सेंटिमीटर. त्यात डीव्हीडीच्या ५७६ ओळी बसवल्या तर एक ओळ मिलिमीटरपेक्षा जराशी कमी पडते. ती ओळ वेगळी दिसेनाशी व्हायला साधारण साडेदहा फूट लागतात. फुल एचडीचे ठिपके साडेपाच-सहा फुटांवरच दिसेनासे होतात. म्हणजे जो टीव्ही एचडी चॅनेलसाठी सहा फुटांवरून छान वाटतो, त्याच जागेवरून डीव्हीडी पसरलेली दिसणारच. आईची डीव्हीडी बघताना खुर्ची दहा फुटांवर न्या.

औरंगपुऱ्यातला विद्यार्थी

मी संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकतोय. काकू, आता एआयवाले अपस्केलर आलेत. त्यात व्हिडिओ टाकला की चेहऱ्यावर पापण्या, सुरकुत्या सगळं येतं. माझ्या आजोबांच्या जुन्या क्लिपवर केलं होतं, घरचे चकित झाले. तुम्हाला हवं असेल तर मी करून देतो.

परभणीचा शूटिंगवाला

भाऊ, तुझं मन चांगलं आहे आणि ते सॉफ्टवेअर मीही वापरून पाहिलंय. पण ताईंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. साधं अपस्केलिंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशोब करतं. एआय हजारो दुसऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं. तबकडीत पापणी नसेल तर ते कुठल्यातरी पापणीसारखी पापणी काढतं. ती त्या माणसाची नसते. मी माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाच्या व्हीएचएसवर हे करून बघितलं. त्यात आमचे वडील आहेत. चित्र लखलखीत झालं, आणि वडिलांच्या डाव्या भुवईवरची जुनी जखमेची खूण गेली. त्या जागी सरळ, भरलेली भुवई आली. आमची आई बघून गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणली, हे तुझ्या वडिलांसारखं कुणीतरी आहे. मी ती फाइल काढून टाकली.

इमारत, रस्ता, झाडं असतील तर करा. हसत-खेळत क्लिप असेल तर करा. पण ज्या माणसाची एवढीच एक आठवण आहे त्याच्या बाबतीत मूळ फाइलीला हात न लावता, वेगळी प्रत काढून, मगच जे करायचं ते करा.

प्रत काढणं हे तर कशाच्याही आधी. ताई, सिनेमाची विकत मिळणारी डीव्हीडी साच्यात दाबून बनवतात, आमची लग्नाची डीव्हीडी लेसरनं लिहिलेली असते. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, तो ऊन आणि उष्णतेनं हळूहळू मरतो. आपल्या परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट किती तापतं ते मी सांगायला नको. तुमची तबकडी एवढ्या वर्षांनी अजून चालते हेच नशीब समजा. पूर्ण तबकडीची जशीच्या तशी एकच फाइल करा, तिला आयएसओ म्हणतात. एमपी४ वगैरे करायच्या फंदात पडू नका, त्यात चित्र परत एकदा दाबलं जातं आणि आधीच कमी असलेलं आणखी कमी होतं. आमच्या तबकड्यांना सिनेमासारखं कुलूप नसतं, त्यामुळं प्रत सहज निघते. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या घरांत ठेवल्या तर उत्तम.

नांदेडच्या मामांशी मी सहमत आहे. ५७६ वर लावा. तेवढा रुंदीचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

सेलूची लेक

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. शनिवार-रविवार दोन्ही दिवस ह्यातच गेले. काय काय झालं ते सांगते.

डीव्हीडी तीन तास पाच मिनिटांची आहे. कॅसेटची चौकशी केली. शूटिंग डीव्ही कॅसेटवरच झालं होतं, माझ्या भावाला त्या छोट्या कॅसेट आठवतात. पण ज्यांनी शूटिंग केलं त्यांनी त्याच कॅसेट पुढच्या लग्नांना वापरल्या. त्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नाही की तुम्हाला हव्यात का. ऐकून फार वाईट वाटलं. शंभर-दीडशे रुपयांची कॅसेट असेल हो, मी दहापट दिले असते. म्हणजे आता जे आहे ते ह्या तबकडीतच.

शाळेतल्या कॉम्प्युटरवर आयएसओ काढायला बसले. शेवटाकडं मशीन खूप वेळ अडखळत राहिलं, माझ्या पोटात गोळा आला. पण पुढं सरकलं आणि पूर्ण झालं. अडखळलेला भाग वरातीचा होता, हळद सुरुवातीलाच आहे. शूटिंगवाल्या दादा, तुम्ही तो मे महिन्याचा पारा लिहिला नसता तर मी हे दिवाळीवर ढकललं असतं.

व्हॉब फाइली पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावल्या. टीव्हीनं तशा वाचल्या नाहीत, नाव बदलून एमपीजी केल्यावर लगेच वाचल्या. चौकटींची झगमग गेली. मी जवळ जाऊन बघितलं, लुगड्याचा रंग एकसारखा हिरवट-काळा आहे, तो मला खरं तर जांभळा आहे असंच वाटत होतं इतकी वर्षं. बांगड्यांचे दात मात्र थोडे राहिले, हात जोरात फिरतो तेव्हा.

मग शेजारच्या काकांकडून त्यांचा एचडीएमआयवाला प्लेयर मागून आणला. आधी १०८० वर लावला. मामा म्हणले तस्संच झालं, आई रुंद झाली आणि टीव्हीवर ४:३ चा पर्यायच दिसेना. ५७६ केल्यावर तो आला. दात ह्या प्लेयरवर जवळजवळ गेले. चित्र पेनड्राइव्हपेक्षा किंचित मऊ वाटलं, पण हाताची हालचाल शांत दिसते, आणि आईच्या त्या आठ मिनिटांत हातच तर सगळा आहे. शार्पनेस शून्याजवळ आणला, मोड बदलला. चेहऱ्यावरची फरशी पूर्ण गेली नाही, पण आता टोचत नाही.

चेहऱ्यात नवं काही आलं नाही, हे खरं. दादांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी तशी आस धरली नव्हती. पण एक गोष्ट दिसली. जात्याच्या खुंट्याला पिवळ्या कापडात हळकुंड आणि सुपारी बांधलीय, ती गाठ स्पष्ट दिसते. आणि ओवी संपताना दर वेळी आई डाव्या हातानं हळकुंडाचे तुकडे जात्याच्या तोंडात सारते, तेव्हा ती माझ्याकडं बघते. मी समोर पाटावर बसलेली आहे, कॅमेऱ्याकडं पाठ करून. झगमगीमुळं तिचा डावा हात इतके दिवस लुगड्यातच हरवत होता, त्यामुळं ती मान वर का करते ते कळत नव्हतं.

दिवाण मागच्या भिंतीला सरकवलाय, आता टीव्हीपासून दहा फूट भरतात. काकांचा प्लेयर परत केला. त्याच प्रकारचा, अपस्केलिंगची मोठी जाहिरात नसलेला साधा एचडीएमआयवाला घेईन म्हणते, पण दुकानात आपली तबकडी लावून बघितल्याशिवाय नाही.

विद्यार्थी भाऊ, तुझी तयारी बघून बरं वाटलं. चेहऱ्याला हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. पण तुला आवाजाचं काही जमत असेल तर सांग. जात्याच्या घरघरीखाली दोन ओव्या दबल्यात, शब्द लागत नाहीत. आयएसओची एक प्रत भावाकडं जिंतूरला दिली, दुसरी मानवतला मावशीकडं. मावशीला त्या ओव्या पाठ आहेत. येत्या रविवारी वही घेऊन तिच्याकडं चाललेय.